क्लासच्या आधीचे आठवडे

लातूर-नांदेडच्या माणसाला क्लासचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. 'लातूर पॅटर्न' ज्या मातीत उगवला, तिथं मूल आठवीत गेलं की घरात पहिली चर्चा होते ती कोणता क्लास लावायचा याची. हीच श्रद्धा आता घरातल्या कुत्र्यापर्यंत पोचली आहे. मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावातही हल्ली लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, नाहीतर लातूरकडचं कारवान पिल्लू हौसेनं आणलं जातं आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न निघतो: याला ट्रेनिंग कुठं द्यायचं? कोणी जाणता सांगतो, सहा महिन्यांचं होऊ द्या, मग नांदेडहून माणूस बोलावू. तोवर अंगणात बांधून ठेवा. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. जो अर्धा चुकतो, तो मात्र कुत्र्याला जन्मभर पुरतो. क्लास सहा महिन्यांनी लागला तरी चालतं. साखळीला बांधून घालवलेले मधले महिने कुठल्याही क्लासला भरून काढता येत नाहीत.

शिकवण आणि ओळख या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सगळा घोटाळा त्या एकच समजण्यातून होतो. 'बस' म्हटल्यावर बसणं, हाक मारली की येणं, तोंडातली चप्पल सोडणं ही शिकवण. ती दोन वर्षांच्या कुत्र्याला देता येते, पाच वर्षांच्याही. थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. ओळख म्हणजे जगाबद्दलचा भरवसा. छत्री उघडली म्हणून काही होत नाही, कुकरची शिट्टी चावत नाही, पटक्यातले आजोबा, बुरख्यातली बाई, हेल्मेट घातलेला पोस्टमन आणि रांगणारं मूल ही सगळी माणसंच आहेत, हे पिल्लाच्या अंगात मुरणं. इंग्रजीतून आलेला 'सोशलायझेशन' हा शब्द शहरात यासाठी चालतो. आपल्याकडं 'माणसाळणं' असा फार चांगला शब्द आहे, पण तो माणसापाशी थांबतो. पिल्लाला माणसांत यायचं असतं तसंच बैल, कोंबड्या, मोटारसायकल, ट्रॅक्टर, पाऊस, काळोख आणि दुसरी कुत्री यांच्यातही यायचं असतं. शिकवणीला वयाची अट नाही. ओळखीला आहे, आणि ती अट फार कडक आहे.

ही अट पक्की कळली ती अमेरिकेत, मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत. तिथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बरीच वर्षं कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1965 साली आला. त्याआधी, 1961 मध्ये, तिथल्याच एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. उंच कुंपणाच्या मोकळ्या शेतात पिल्लं आईसोबत वाढवली. अन्न-पाणी मिळे, पण माणूस दिसत नसे. मग काही पिल्लांना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात बाहेर काढून फक्त आठवडाभर माणसांच्या सहवासात ठेवलं आणि परत सोडलं. काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस दाखवलाच नाही. शेवटी सगळ्यांची परीक्षा घेतली तेव्हा पाचव्या ते नवव्या आठवड्यात माणसांत राहिलेली पिल्लं सहज जवळ आली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं रानटी जनावरासारखी वागली आणि पुढं खटपट करूनही पुरती सुधारली नाहीत. पोट भरलेलं होतं, आई जवळ होती, जागा ऐसपैस होती; उणीव फक्त ओळखीची होती. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनात कुतूहल भीतीपेक्षा मोठं असतं. त्यानंतर पारडं फिरतं आणि जे आधी पाहिलेलं नाही ते सगळं संशयास्पद ठरायला लागतं. रानात जगायचं तर हा बदल शहाणपणाचाच आहे. माणसाच्या घरात तो अडचणीचा ठरतो.

आता क्लासवाल्यांच्या बाजूनं बोलायचं तर असं म्हणता येईल की, हे सगळं पाळीव, लाडाच्या कुत्र्यांसाठी ठीक. ज्याच्याकडून खरोखर काम करून घ्यायचं त्याला लवकर शिस्त लागलेली बरी. याचं उत्तर देणारा पुरावा अंध माणसांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थांकडं आहे. यांच्याइतकं शिकलेलं कुत्रं दुसरं नसेल. रहदारीतून माणसाला सुखरूप न्यायचं आणि समोर खड्डा असेल तर मालकाची आज्ञाही मोडायची, इतकी समज त्याच्याकडून हवी असते. पण या संस्था पिल्लाला लगेच प्रशिक्षण केंद्रात घालत नाहीत. आठेक आठवड्यांचं पिल्लू एखाद्या साध्या कुटुंबाकडं सोपवतात. ते वर्षभर किंवा त्याहून जास्त त्या घरात वाढतं, बाजारात, बसमध्ये, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी जातं आणि मगच काही महिन्यांच्या खऱ्या प्रशिक्षणाला बसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलच्या अशाच केंद्रात क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनी स्कॉट यांच्यासोबत जुन्या नोंदी तपासल्या. बाराव्या आठवड्यापर्यंतची चाचणी पास झालेली पिल्लं आठवड्याभरात कुटुंबाकडं गेली, तर त्यांतली दहापैकी नऊ पुढं वाटाडी झाली. तशीच पास झालेली पिल्लं तीन आठवड्यांहून जास्त केंद्राच्या पिंजऱ्यातच राहिली, तर दहापैकी जेमतेम तीन. वंश तोच, चाचणी तीच, पुढचे शिक्षकही तेच. फरक पडला तो तीन-चार आठवड्यांनी. ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी 'सहा महिने बांधून ठेवा' असा सल्ला देऊ नये.

आपल्याकडं या आठवड्यांना एक पंचांगही आहे. भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्यात साधारण त्रेसष्ट दिवसांची गर्भावस्था मिळवली की गावठी पिल्लांचा जन्म दिवाळीच्या आगेमागे येतो आणि जग ओळखायचे त्यांचे आठवडे मार्गशीर्षापासून माघापर्यंत पडतात. थंडीचे, बऱ्या उन्हाचे, लग्नसराई सुरू होण्याचे हे दिवस. विकत आणलेल्या जातिवंत कुत्र्याचं पंचांग असं ठरलेलं नसतं. पण विक्रीबाबत 2017 चे केंद्राचे नियम आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई करतात, आणि ते योग्यच आहे, कारण चावताना दात किती लावायचा हे आई आणि भावंडंच शिकवतात. मात्र याचा दुसरा अर्थ असा की पिल्लू घरात येतं तेव्हा ओळखीची खिडकी निम्मी मिटलेली असते. मालकाच्या हातात उरतात चार-सहा आठवडे. पुण्या-मुंबईत या आठवड्यांसाठी पैसे भरून पिल्लांच्या पार्ट्या भरवल्या जातात. मुदखेडात तो खर्च करायचं काम नाही. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरचं हे जंक्शन. आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो. एका मालगाडीत जेवढा आवाज, थरथर आणि शिट्टी असते तेवढी कुठल्या क्लासात मिळायची? तालुका फुलशेतीचा, त्यामुळं पहाटे टोपल्या, पोती, सायकली आणि टेम्पो यांची लगबग. केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय इथं असल्यानं गणवेश आणि बुटांचा ताल गावाला नवा नाही. आठवडी बाजार, मशिदीची अजान, मंदिराची घंटा, शेतातल्या आखाड्यावरची गुरं, पिठाच्या गिरणीचा पट्टा. पिल्लासाठी हा संपूर्ण अभ्यासक्रम आहे आणि फी शून्य.

फक्त तो शिकवायचा कसा, यातच खरी मेख आहे, आणि हौशी लोक नेमके इथं चुकतात. ओळख करून द्यायची म्हणजे पिल्लू उचलून वरातीतल्या डीजेपुढं न्यायचं आणि 'सवय होऊ द्या' म्हणत धरून ठेवायचं, असं नव्हे. भीतीनं गारठलेलं पिल्लू हालचाल करत नाही. ते शांत आहे असं आपल्याला वाटतं, आणि ते शिकतं एवढंच की हा आवाज आला की सुटका नाही. सगळी युक्ती अंतरात आहे. रेल्वे पाहायची तर फलाटावर नव्हे, आधी इतक्या लांबून की पिल्लू कान टवकारेल, पण हातातला भाकरीचा तुकडा खाणं सोडणार नाही. खाणं सोडलं, शेपूट पोटाखाली गेली, उगाच जांभया येऊ लागल्या, ओठ चाटणं सुरू झालं, मालकाच्या पायामागं तोंड लपवलं, की समजावं आपण फार जवळ आलो. चार पावलं मागं यावं. दुसऱ्या दिवशी थोडं जवळ. माणसांच्या बाबतीतही तेच. गल्लीतल्या दहा पोरांनी घेरून पिल्लाला या हातातून त्या हातात फिरवणं ही ओळख नव्हे, तो छळ आहे. पोरांना एका जागी बसवावं आणि पिल्लानं आपणहून वास घ्यायला यावं. हे कारवान कुत्र्यांना जास्तच लागू पडतं. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. नजरेनं शिकार हेरणारी, वाऱ्यासारखी धावणारी ही जात मुळातच परक्याचा हात अंगावर सहज घेत नाही. तिच्या पिल्लाला जबरदस्तीनं कुरवाळलं तर ते माणसाळत नाही, माणसाला टाळायला शिकतं. दिवसाला एक किंवा दोन नवे अनुभव, पाच-दहा मिनिटांचे, आणि मग झोप. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं ते आळसानं नव्हे. शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा असतो, हे हंगेरीतल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूच्या नोंदी घेऊन दाखवलं आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पशुवैद्यकांकडून येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लशी पूर्ण व्हायच्या आत पिल्लू बाहेर नेलं तर पार्वो होईल, हा तो आक्षेप. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू पिल्लांना रक्ताची हगवण आणि उलट्यांनी दोन-चार दिवसांत संपवतो. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, आणि घरात फिनेल शिंपडून हटत नाही, त्याला ब्लीचच लागतं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीला आडवी येते, म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन-चार आठवड्यांनी लस देत शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यावा, असं जागतिक मार्गदर्शन आहे. म्हणजे लशीचं वेळापत्रक सोळा आठवड्यांना संपतं आणि मनाची खिडकी बारा-चौदाला मिटते. दोन्ही खरं आहे. तेव्हा दोन्ही सांभाळावं लागतं. अमेरिकेतल्या पशुवर्तनवैद्यांच्या संघटनेनं 2008 साली याचा हिशेब मांडला. पहिली लस होऊन सात दिवस झाले आणि जंताचं औषध दिलं, की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला निरोगी, लस घेतलेल्या पिल्लांत मिसळू द्यावं, असं तिनं सांगितलं. कारणही स्पष्ट दिलं: तीन वर्षांखालची कुत्री रोगानं मरतात त्याहून जास्त वर्तनाच्या दोषांमुळं मरतात, म्हणजे सोडून दिली जातात किंवा मारली जातात. पुढं 2013 मध्ये चार शहरांतल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, लस घेऊन ओळखीच्या वर्गांना गेलेल्या पिल्लांना पार्वोचा धोका इतर लसवंत पिल्लांपेक्षा जास्त आढळला नाही.

हा निष्कर्ष तिथला आहे, तो जसाच्या तसा आपल्या गल्लीला लावता येणार नाही, हेही कबूल करायला हवं. तिथला वर्ग धुतलेल्या फरशीवर भरतो. आपल्या उकिरड्यावर लस न घेतलेली दहा कुत्री रोज हगून जातात. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1.53 कोटी भटकी कुत्री मोजली गेली. त्यामुळं आपल्याकडं मार्ग वेगळा काढावा लागतो, पण तो आहे. पिल्लाला जग दाखवायचं, जमिनीवर मात्र सोडायचं नाही. हातात, कडेवर, टोपलीत, रिक्षात मांडीवर, ओट्यावर, गच्चीवर. बाजाराच्या कडेला पंधरा मिनिटं कडेवर घेऊन उभं राहिलं तरी बाजार दिसतो, ऐकू येतो आणि वासही येतो. जमिनीवरचा पार्वो कडेवर सहजी पोचत नाही. कुत्र्यांची ओळख हवी तर ओळखीच्या घरातलं, लस झालेलं, समजूतदार मोठं कुत्रं एक पुरे. सोबत बारा आठवड्यांनंतरची रेबीजची लस आणि तिचा पुढचा डोस चुकवायचा नाही, कारण जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसरा हिस्सा आपल्या देशातला आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः लाल कंधारी आणि देवणी गुरांसाठी धावत असतो, तिथं कुत्र्याची लस वेळेवर मिळेलच असं नाही. म्हणून पिल्लू आणायच्या आधीच तारीख आणि लस दोन्ही विचारून ठेवावं.

दुसरा आक्षेप आखाड्यावरचा. राखणीचं कुत्रं सगळ्यांशी गोड वागायला लागलं तर चोरापुढंही शेपूट हलवील. त्याला साखळीला बांधा, कोणाला हात लावू देऊ नका, म्हणजे ते कडवं होईल. हा समज इतका रुजलेला आहे की कडवेपणा आणि भित्रेपणा यांतला फरकच कोणी पाहत नाही. साखळीच्या टोकावर दात विचकणारं कुत्रं बहुतेक वेळा राखण करत नसतं. ते घाबरलेलं असतं आणि पळायला जागा नसल्यानं अंगावर येतं. अशा कुत्र्याला चोर आणि खताचं पोतं घेऊन आलेला सालगडी सारखेच. ते रात्रभर भुंकतं, आणि रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याकडं घरातलं कोणीच उठून पाहत नाही. ज्यानं दिवसाचं नेहमीचं जग पाहिलेलं आहे, त्यालाच रात्रीचं नेहमीपेक्षा वेगळं काय ते कळतं. राखण म्हणजे पारख, आणि पारखीला आधी ओळख लागते. शिवाय असं 'कडवं' केलेलं कुत्रं साखळी तुटली की पहिल्यांदा कोणाला गाठतं? चोराला क्वचितच, ते गाठतं घरी आलेल्या पाहुण्याच्या पोराला. कुत्रं चावण्याचा सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना असतो, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात निरीक्षण आहे: गावठी कुत्र्यांना कुठं कोण शिकवतं? ती रस्ता बघून ओलांडतात, लग्नाच्या मांडवात कोणाच्या पायात न येता वावरतात, ट्रकखाली निवांत झोपतात. अगदी खरं. पण त्यांचं सगळं बालपण हीच ओळख असते. त्यांना क्लास नसतो, जग असतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. माणसानं बोटानं दाखवलं तर चार ते आठ आठवड्यांची गल्लीतली पिल्लं सहज तिकडं जातात. थोडी मोठी झालेली कुत्री मात्र तो इशारा मानायचं सोडतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे माणसावर भरवसा ठेवायची तयारी घेऊनच पिल्लू जन्मतं. तो भरवसा पुढं टिकतो की उडतो, हे माणसांच्या वागण्यावर ठरतं. याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात अनोळखी माणसानं फक्त खाऊ देण्यापेक्षा पुन्हा पुन्हा कुरवाळल्यानं गल्लीतल्या कुत्र्यांचा विश्वास जास्त पक्का झाला. आणि तिसरी नोंद अशी की, पाहणीतल्या 364 पिल्लांपैकी जेमतेम 19 टक्के वयात येईपर्यंत जगली. म्हणजे मांडवात शहाण्यासारखी वावरणारी कुत्री आपल्याला दिसतात. न जमलेली दिसत नाहीत, कारण ती उरलेलीच नाहीत. गावठी पिल्लू उचलून घरी आणणं हे पुण्याचं काम आहेच. पण ते आणून अंगणात बांधलं की त्याची गल्लीतली शाळा त्या दिवशी सुटते आणि दुसरी भरवायची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते.

मग क्लास नकोच का? हवा, पण त्याच्या जागी. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये बीड पोलिसांच्या रॉकीचा उल्लेख केला. तीनशेहून जास्त गुन्ह्यांच्या तपासात मदत करणाऱ्या या श्वानाला पोलिसांनी सन्मानानं निरोप दिला होता. मराठवाड्यानं ते दृश्य पाहिलं, आणि कुत्र्याचं शिक्षण म्हणजे असं काहीतरी, ही प्रतिमा पक्की झाली. पण पुण्यात शिवाजीनगरच्या केंद्रात पोलिसांचं कुत्रं शिकतं ते एकटं नव्हे, त्याच्या हँडलरसोबत. शिक्षणातलं निम्मं माणसाचं असतं. आपल्याकडं मालक कुत्रं ट्रेनरच्या स्वाधीन करतो, महिनाभरानं 'तयार' कुत्रं परत घेतो आणि ते आपलं ऐकत नाही म्हणून ट्रेनरला शिव्या देतो. चांगला क्लास मालकाला शिकवतो. त्याची दुसरी खूण म्हणजे ट्रेनरच्या हातात काय आहे: खाऊ की काटेरी पट्टा. पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धाक-दटावणीच्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं बक्षिसाच्या शाळांतल्या कुत्र्यांपेक्षा जास्त दिसली. लाळेतल्या ताणाच्या संप्रेरकाचीही तीच साक्ष होती. तिसरी गोष्ट लातूर पॅटर्नवाल्यांना रुचणार नाही: जास्त तास म्हणजे जास्त शिक्षण असं इथं होत नाही. 2011 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 44 बीगल कुत्र्यांना एकच काम वेगवेगळ्या वेळापत्रकानं शिकवलं. आठवड्यातून एक-दोनदा शिकलेल्या कुत्र्यांना ते रोज शिकणाऱ्यांपेक्षा कमी धड्यांत जमलं. तेव्हा चौदा आठवड्यांपर्यंत पारडं जवळजवळ सगळं ओळखीकडं आणि शिकवण घरातल्याच दोन-तीन शब्दांपुरती. चार-पाच महिन्यांनंतर आठवड्याला एखादा वर्ग, मिळाला तर. आणि बाहेर नेणं तेव्हाही चालूच. (शिकवणीचे ते दोन-तीन शब्द इंग्रजीच का असावेत, हे एक कोडंच आहे. ज्या घरात पोरांशीही कोणी इंग्रजी बोलत नाही तिथं कुत्र्याला मात्र 'सिट' आणि 'कम'. 'बस' आणि 'ये' त्याला तितकंच कळतं.)

आठव्या महिन्याच्या सुमाराला आणखी एक वळण येतं. तोवर शहाणं असलेलं कुत्रं अचानक हाक ऐकेनासं होतं. इंग्लंडमध्ये अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांच्या पाहणीत दिसलं की वयात येणारं कुत्रं नेमकं आपल्या माणसाचं ऐकत नाही, परक्याचं मात्र ऐकतं. घरात कुमारवयीन मूल असलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. नेमक्या याच काळात वैतागलेले मालक कुत्रं कडक ट्रेनरकडं टाकतात किंवा शेतात नेऊन सोडतात. हा हट्ट काही महिन्यांत ओसरतो. त्याला शिक्षेची नव्हे, थोड्या दमाची गरज असते.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. सोयाबीनला भाव नाही, पोरांची फी भरता भरता नाकी नऊ येतात, त्यात कुत्र्याचे चोचले कोणी करायचे? या आक्षेपाला उत्तर देणं सोपं आहे, कारण इथं सुचवलेल्या गोष्टींतली खर्चाची बाब फक्त लस आहे, आणि ती तशीही चुकवता येत नाही. बाकी दिवसाची वीस मिनिटं लागतात, तीही रोज नव्यानं काढायची नाहीत. दूध घालायला, फुलं पोचवायला, पोराला शाळेत सोडायला घरातलं कोणीतरी जातंच. पिल्लू सोबत न्यायचं. ज्याला एवढंही जमणार नाही त्यानं कुत्रं न पाळणं हा काही कमीपणा नाही, उलट त्यातच त्या पिल्लाचं भलं आहे.

तेव्हा येत्या हिवाळ्यात घरात पिल्लू येणार असेल, तर ट्रेनरचा नंबर नंतर शोधा. आधी लशीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा, त्याच पानावर पिल्लाच्या चौदाव्या आठवड्याला लाल खूण करा, आणि लस होऊन आठवडा झाला की संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन रेल्वे फाटकापासून दोनशे पावलांवर उभे राहा. खिशात भाकरीचे तुकडे असू द्या.